जोडे जागेवर ठेवा

आपल्याला आवडलेली गोष्ट दुसऱ्याला दाखवायला बसलेल्या माणसाइतका त्रासदायक यजमान दुसरा नसतो. तो पडद्याकडे बघतच नाही, पाहुण्याच्या चेहऱ्याकडे बघत बसतो. दर पाच मिनिटांनी "आता बघ हं" असं बजावतो. आणि ज्या जागी त्याला स्वतःला गहिवरून आलं होतं, नेमक्या त्याच जागी पाहुणा शेंगदाण्याची सालं फुंकत असेल, तर त्याचं आदरातिथ्य तिथेच संपतं. 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या अमेरिकी मालिकेतला 'द इनर लाइट' हा भाग मी असा बऱ्याच जणांना दाखवला आहे. हल्ली माझे काही स्नेही "चहा बाहेरच घेऊ या" म्हणतात, त्याचं कारण हेच असावं.

या भागाच्या थोरवीबद्दल तसा वाद नाही. १ जून १९९२ रोजी तो अमेरिकेत पहिल्यांदा दाखवला गेला. मालिकेचा हा सव्वाशेवा भाग. पुढच्याच वर्षी विज्ञानकथेच्या जगातला मानाचा ह्यूगो पुरस्कार त्याने 'एलियन ३' आणि 'बॅटमन रिटर्न्स'सारख्या पैसेवाल्या चित्रपटांच्या नाकावर टिच्चून मिळवला. स्टार ट्रेकच्या उत्तम भागांची यादी कुणीही करो, हा वरच्या पंगतीला असतोच. आणि तरीही माझे निम्मे पाहुणे चष्मा काढून डोळे पुसतात आणि उरलेले म्हणतात, "बरा आहे." वाईट म्हणाले असते तर निदान भांडता तरी आलं असतं.

गोष्ट अशी. एंटरप्राइझ या अवकाशयानाला वाटेत एक जुनाट यंत्र भेटतं. त्यातून एक झोत निघतो आणि कप्तान जाँ-लूक पिकार्ड जागच्या जागी कोसळतो. डोळे उघडतो तर तो रेसिक नावाच्या एका खेड्यात, कुणाच्या तरी घरात. समोर एलीन नावाची बाई. ती सांगते, तू माझा नवरा, तुझं नाव केमिन, तू लोखंडाचं विणकाम करणारा कारागीर, आणि तापातून उठतो आहेस. पिकार्डला अर्थातच हे पटत नाही. तो आपलं यान शोधत राहतो, दुर्बीण लावून आकाश न्याहाळतो. अशी पाच वर्षं जातात. मग एका संध्याकाळी तो बायकोला विचारतो, घराला एक खोली वाढवू का? तिला वाटतं, आणखी एखादी प्रयोगशाळा असेल. त्याच्या मनात असते बाळाची खोली. मग मुलगी होते, मुलगा होतो, तो बासरी वाजवायला शिकतो, केस पांढरे होतात, बायको जाते, अंगणात नातू खेळू लागतो. दरम्यान पाऊस नाहीसा होत चाललेला असतो, कारण त्यांचा सूर्यच मरायला टेकला आहे. शेवटी म्हाताऱ्या केमिनला सगळे एक यान आकाशात सुटताना पाहायला नेतात आणि तिथे उलगडा होतो. ते यान म्हणजेच ते जुनाट यंत्र. हे जग हजार वर्षांपूर्वी बेचिराख झालं. जाताना त्यांनी एवढीच सोय करून ठेवली की कुणीतरी एक माणूस इथे राहून जावा आणि त्याने इतरांना सांगावं. पिकार्ड यानावर जागा होतो. मधे गेलेला वेळ : पंचवीस मिनिटं.

माझा भाचा अभियंता आहे. त्याची पहिली शंका अशी की, ज्यांना माणसं वाचवायला एक धड यान बांधता आलं नाही, त्यांना हजार वर्षांनंतरच्या परक्या माणसाच्या डोक्यात अख्खा संसार ओतणारं यंत्र बरं बांधता आलं! दुसरी शंका, कुणाच्या डोक्यात न विचारता शिरायचं आणि वर "आमची आठवण ठेव" म्हणायचं, ही कुठली रीत? दोन्ही शंका रास्त आहेत आणि उत्तर माझ्यापाशी नाही. पण एक निरीक्षण आहे. भाच्याला या शंका भाग संपल्यावर सुचल्या नाहीत, चालू असतानाच सुचल्या. ज्याला यंत्र दिसत राहतं त्याला रेसिक दिसत नाही.

दुसरी अडचण पिकार्डचीच. हा एकच भाग पाहणाऱ्याला टक्कल पडलेला एक गंभीर गृहस्थ मूर्च्छा येऊन पडताना दिसतो, बस. ज्यांनी आधीचे जवळजवळ पाच हंगाम पाहिले आहेत त्यांना माहीत असतं की हा माणूस सडाफटिंग आहे, पोरं दिसली की त्याच्या कपाळावर आठी पडते, आणि यान हेच त्याचं घर नि हाच त्याचा संसार. त्याच्या हातात तान्हं मूल पाहणं म्हणजे काय, हे त्यांनाच कळतं. पॅट्रिक स्टुअर्ट तेव्हा पन्नाशी ओलांडलेला होता, आणि पडद्यावरच्या तरुण मुलाचं काम त्याच्या खऱ्या मुलाने, डॅनियल स्टुअर्टने केलं आहे. बापलेक एकमेकांशी बोलतात तेव्हा दोघांच्या नजरेत एक सैलपणा आहे तो तालमीतून आलेला नाही, असा माझा समज आहे.

मग जोड्यांचा प्रश्न. केमिन जोडे वाट्टेल तिथे काढून टाकतो, आणि 'जोडे जागेवर ठेव' हे एलीनचं संसारभराचं पालुपद. ती मरणाच्या दारात असते, तो उशाशी बसलेला असतो, आणि तिचं शेवटचं सांगणं तेच असतं : जोडे जागेवर ठेव. तो म्हणतो, ठेवीन. या जागी विवाहित पुरुष हमखास रडतात. त्यांच्या बायका मात्र पहिल्यांदा हसतात. आमच्या ओळखीतल्या एका बाईंनी तर नवऱ्याकडे वळून म्हटलं, "बघा, मरतानाही तेच सांगायची वेळ आली बिचारीवर." नवरा नाक ओढत होता. एकच प्रसंग, एकच सोफा, आणि मधे तीस वर्षांचं जोड्यांचं राजकारण.

माझ्या माणदेशातल्या आत्याला इंग्रजी येत नाही. तिने हा भाग सगळा पाहिला, मी मधूनमधून सांगत होतो. गावात पाण्याचं रेशन चालू असताना चौकात एक रोप लावतात आणि जो तो आपल्या वाट्याच्या पाण्यातून त्याला घालतो, एवढा एकच प्रसंग तिला उमजला आणि पुरला. पुढे सूर्य विझो की यान सुटो, तिचं आपलं एकच : "त्या झाडाला आता पाणी कोण घालतंय?" सरकारी शास्त्रज्ञांना सर्वनाश होणार हे दोन वर्षं आधीच कळलं होतं आणि त्यांनी ते दडवून ठेवलं, हे मी सांगितलं तेव्हा तिला मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

पण माणूस या भागाचा होणार की नाही, याचा खरा निकाल बारशाच्या प्रसंगात लागतो, असं माझं मत आहे. केमिनच्या मुलाचं बारसं आहे. घर माणसांनी भरलेलं आहे, मेलेल्या जिवलग मित्राचं, बटायचं, नाव बाळाला ठेवायचं आहे. आणि केमिन एकदम छाती आवळून खाली कोसळतो. कारण तिकडे यानावर त्याचे सहकारी जिवाच्या आकांताने त्याला सोडवायला निघाले आहेत. त्यांनी झोत तोडायचा प्रयत्न केला आहे. रायकर, डेटा, डॉक्टर क्रशर ही सगळी आपल्या ओळखीची, सव्वाशे भागांतली लाडकी माणसं. एरवी त्यांनी कप्तानाला सोडवावं म्हणून आपण खुर्चीच्या कडेवर आलेले असतो. इथे मात्र प्रेक्षकांची सरळ फाळणी होते. काहींना वाटतं, चला, आता सुटतो. आणि काहींच्या तोंडून नकळत निघतं, अरे राहू द्या त्याला! निदान बारसं तरी होऊ द्या. प्रयत्न फसतो, कप्तानाचा जीव जायला लागतो, झोत पुन्हा जोडून देतात, आणि दुसऱ्या गटातली माणसं सुस्कारा सोडतात. पुढचं रडणं या सुस्काऱ्यानंतरचंच असतं. ज्याने पिकार्डच्या सुटकेची वाट शेवटपर्यंत पाहिली त्याला भाग लांबलेला वाटतो, आणि त्याच्या हिशेबाने तो लांबलेला असतोच.

आता सुटकेची वाट कोण सोडतं? वयाशी याचा संबंध आहे, पण वाटतो तेवढा नाही. पंचविशीतली एक मुलगी माझ्यासमोर घळाघळा रडली आणि सत्तरीचे एक काका जांभया देत होते. माझा ठोकताळा असा की, 'दोनच वर्षं' म्हणून कुठेतरी गेलेली आणि तिथेच राहिलेली माणसं या भागाला लगेच बळी पडतात. न्यू जर्सीतले माझे मित्र तर पहिल्या दहा मिनिटांतच. सुरुवातीला केमिन दुर्बिणीतून जे बघत असतो, ते त्यांनी दर शुक्रवारी रात्री विमानांच्या तिकिटांचे दर बघत केलेलं असतं. मग एक दिवस मुलाच्या शाळेचं ठरतं आणि दर बघायचे राहून जातात.

आपल्याकडे ही कथा नवी नाही. नदीत बुडी मारून नारदाची नारदी झाली, तिला साठ मुलं झाली, आणि वर आली तो पुन्हा वीणाधारी ब्रह्मचारी, हे आपण कीर्तनात ऐकलंय आणि हसलोय. योगवासिष्ठातला लवण राजा मात्र हसण्यावारी नेता येत नाही. एक गारुडी दरबारात येतो, राजा त्याच्याकडच्या घोड्याकडे बघता बघता तटस्थ होतो, आणि त्या अवधीत रानातल्या वस्तीवर संसार थाटून बसतो. बायको, पोरं, म्हातारपण, मग दुष्काळ. भुकेल्या मुलासाठी तो आगीत उडी घेतो, तो सिंहासनावर जागा होतो. इथवर सगळं मायेच्या धड्यासारखं आहे. पण राजाला चैन पडत नाही. तो ती वस्ती शोधत विंध्याच्या रानात जातो, आणि वस्ती खरोखर सापडते! तिथे त्याची म्हातारी सासू गेलेल्या माणसांसाठी रडत बसलेली असते. ज्या कुणी हे लिहिलं त्याला ठाऊक होतं की नुसतं 'स्वप्न होतं' म्हटल्याने ऐकणाऱ्याचं समाधान होत नाही. पिकार्डच्या गोष्टीतही तेच. रायकर त्याला एक पेटी आणून देतो, यंत्रात सापडलेली. आत केमिनची बासरी. पिकार्ड ती छातीशी धरतो आणि मग वाजवतो, अडखळत नाही. आयुष्यात कधी बासरी न शिकलेल्या माणसाच्या बोटांना चाळीस वर्षांचा रियाझ असतो. इथेही न द्रवलेल्या माणसाला मी पुढे काही दाखवत नाही, सरळ जेवायला वाढतो.

त्या बासरीचा आपल्या मुंबईशी एक धागा आहे. लेखक मॉर्गन गेंडेल याने भागाचं नाव घेतलं ते जॉर्ज हॅरिसनच्या बीटल्ससाठीच्या गाण्यावरून. घराचं दार न उघडताही सारं जग जाणता येतं, अशा अर्थाचं ते गाणं एका चिनी ग्रंथावर बेतलेलं, तो ग्रंथ हॅरिसनला सुचवला केंब्रिजच्या एका संस्कृतच्या प्राध्यापकाने, आणि गाण्याचं वाद्यसंगीत जानेवारी १९६८ मध्ये मुद्रित झालं फोर्टात, सर फिरोजशहा मेहता रस्त्यावरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत. त्यात बासरी वाजवणारे होते तरुण हरिप्रसाद चौरासिया. भागातली धून मात्र वेगळी, ती जे चॅटवे याची. रसिकांनी इतकी डोक्यावर घेतली की पुढे त्याने तिच्यावर वाद्यवृंदासाठी रचनाही केली. आणि पडद्यावरची ती बासरी २००६ साली न्यूयॉर्कमध्ये ख्रिस्तीज्‌च्या लिलावात अंदाजापेक्षा कितीतरी पट जास्त किमतीला, ४८ हजार डॉलरला गेली. ती वाजत नाही. चित्रीकरणापुरती केलेली वस्तू होती ती. घेणाऱ्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

एक तक्रार मात्र रडणारे आणि न रडणारे दोघंही करतात. इतकं सगळं होऊन गेल्यावर पुढच्या भागात काय? पुढचा भाग १५ जून १९९२ चा. त्यात सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका भुयारात डेटा या यंत्रमानवाचं शेकडो वर्षं जुनं मुंडकं सापडतं आणि कप्तान त्या चौकशीला लागतो. रेसिकचं नाव नाही, बायकोमुलांचं नाव नाही. अमेरिकी मालिकांची तेव्हाची पद्धतच ती, दर आठवड्याला पाटी कोरी. मी हे माझ्या एका निवृत्त बँकवाल्या मित्राला तावातावाने सांगत होतो. तो म्हणाला, "आई गेली तेव्हा चौदाव्या दिवशी मी काउंटरवर होतो. पहिल्याच माणसाने पासबुक पुढे केलं. त्याला काय माहीत?" नेहमी 'बरा आहे' म्हणणाऱ्यांतला तो. त्या दिवशी त्याने भाग पुन्हा लावायला सांगितला.

१९९३ सालच्या 'लेसन्स' या भागात ती बासरी पुन्हा पेटीतून निघते आणि पिकार्ड पहिल्यांदा कुणाला तरी रेसिकबद्दल सांगतो. ज्यांना 'द इनर लाइट' नुसता बरा वाटला त्यांनी तो पाहिला नाही तरी चालेल. बाकीच्यांनी जरूर पाहावा, आणि शक्यतो एकट्याने, म्हणजे कुणाच्या चेहऱ्याकडे बघत बसावं लागणार नाही.