भावोजींच्या वाटचं

वजन उतरवलेली माणसं दोन जातींची. एक, चालून-धावून, चपातीचा चतकोर मोडून बारीक झालेली. ही चिडकी असतात. त्यांच्यासमोर जिलबी खायची सोय नाही. ती बोलत काही नाहीत, नुसती बघतात. दुसरी जात ऑपरेशन करून बारीक झालेल्यांची. हा माणूस यजमान होतो. त्याला स्वतःला चार घासांपलीकडे जाता येत नाही, म्हणून पाचव्या घासापासून तो दुसऱ्याच्या तोंडानं जेवतो. आमचे भावोजी या जातीतले. ते मला क्रूझवर घेऊन गेले त्यात त्यांचा स्वार्थ होता, हे मला जहाज सुटल्यावर कळलं.

भावोजींचं गाव वेंगुर्ल्याकडचं, बिऱ्हाड डोंबिवलीत, वय ५८, आणि वजन दोन वर्षांपूर्वीपर्यंत १३२ किलो. आजचं वजन मी सांगत नाही. ते स्वतःच सांगतात, लिफ्टमध्ये, अनोळखी माणसाला, त्याला कुठल्या मजल्यावर उतरायचंय हे न विचारता. मोबाइलमध्ये एक फोटो कायम हाताशी असतो: जुन्या पँटच्या एकाच पायात दोन्ही पाय घालून उभे. पाठोपाठ व्याख्यान. "स्लीव्ह म्हणजे काय, तर जठराचा पाऊण भाग, त्याहूनही थोडा जास्तच, कापून बाहेर. उरतं ते केळ्याएवढं. मावतं किती? शंभर-दीडशे मिली. भूक लावणारं घ्रेलिन बनतं मुख्यतः त्या कापलेल्या भागात. म्हणजे कारखानाच बंद!" तेवढ्यात मजला आला नाही, तर गडकरींनीसुद्धा २०११ साली वजनाचं ऑपरेशन करून घेतलं, हेही ऐकावं लागतं. समोरचा त्यांचा मतदार आहे की नाही, याची चौकशी होत नाही.

नातेवाइकांत या ऑपरेशनला शॉर्टकट म्हणणारे बरेच आहेत. त्यांनी एकदा पंधरा दिवस ताक, वरणाचं पाणी आणि गाळलेल्या सूपवर काढावेत, पुढे सगळं मिक्सरमधून काढून खावं, चौथ्या महिन्यात बाथरूमच्या जाळीवरचे केसांचे पुंजके उचलावेत, बी-ट्वेल्व्ह, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभरासाठी मागे लावून घ्याव्यात, आणि मग हा शॉर्टकट कुठून कुठे जातो ते सांगावं. भावोजींनी हे सगळं निमूट केलं. इन्सुलिनची सुई सुटली, गुडघे बोलायचे थांबले, रात्रीचं घोरणं गेलं. घोरणं गेल्यामुळे ताईची मात्र झोप उडाली. इतकी वर्षं त्या आवाजाच्या भरवशावर झोपलेली बाई आता मध्यरात्री उठून त्यांच्या नाकाखाली बोट धरून बघते.

हे सगळं साजरं करायला मुंबई-गोवा-मुंबई क्रूझ ठरली. राहणं, नाष्टा, दोन्ही वेळचं जेवण सगळं तिकिटातच, आणि नेमकं हेच भावोजींच्या जिवाला लागलं. बुकिंगवाल्या मुलीशी त्यांनी पाऊण तास घासाघीस केली.

"मॅडम, मला लहान मुलांच्या दरात बसवा."

"सर, वय किती?"

"माझं अठ्ठावन्न. पोटाचं दोन."

या रुग्णाला कमी प्रमाणात जेवण द्यावं, असं डॉक्टरांनी लिहून दिलेलं कार्डही त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. मुलीकडून जोडलेल्या हातांचं चित्र आलं. दर पूर्णच भरावा लागला, आणि तिथेच माझा बळी ठरला. "तूही चल रे," भावोजी म्हणाले, "तुझी भूक चांगली आहे." मला ते कौतुक वाटलं. माझं तिकीट अर्थात मीच काढलं.

बॅलार्ड पिअरला सुरक्षारक्षकानं आधार कार्डावरचा चेहरा बघितला, मग भावोजींचा, मग परत कार्डावरचा. दुसरा कुणी घाबरला असता. भावोजी खुलले. "ओळखू येत नाही ना? बघा, नीट बघा, घाई नाही." मागे रांग वाढत होती. शेवटी कानांवरून ओळख पटली. कान तेवढे जुने आहेत.

पण खरा सोहळा पुढेच होता. २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याशी कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडलं, तेव्हा नुकत्याच चढलेल्या प्रवाशांची सुरक्षेची कवायत व्हायची राहिली होती. त्यानंतर नियम कडक झाले, आणि आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणीच सगळ्यांना उभं करतात. बाकीचे प्रवासी जांभया देत होते. भावोजींनी लाइफ जॅकेट चढवलं, पट्टा ओढला, आणि पट्टा उरला. चांगला वीतभर लोंबत राहिला. विमानात हवाईसुंदरीला खुणेनं जवळ बोलावून, हळू आवाजात जोडपट्टा मागणारा हा माणूस! ते लोंबतं टोक त्यांनी कुणाला खोचू दिलं नाही. जॅकेट गोळा करायला आलेल्या मुलालाच फोटो काढायला लावला, एक समोरून आणि एक बाजूनं.

मग बुफे. भावोजी पहिली फेरी हात मागे बांधून मारतात. डोशाचा तवा, पास्त्याचा कोपरा, जैन काउंटर, बिर्याणीचं झाकण, केकचे चौकोन, सगळ्यांची विचारपूस होते. ऑपरेशन जठराचं झालंय, डोळ्यांचं नाही. दुसऱ्या फेरीत कामं वाटली जातात. "हिला बिर्याणी. तुला पास्ता, तो लाल केक आणि कोपऱ्यातलं ते हिरवं काय आहे ते." तिसऱ्या फेरीत त्यांची स्वतःची बशी: एक अंडं, पनीरचे दोन तुकडे. दिवसाला किमान साठ ग्रॅम प्रोटीन व्हायला हवं, अंड्याचे धरायचे सहा, असा हिशेब ओठांवर चालू. आधी प्रोटीन, मग भाजी, भात उरलेल्या जागेत. आणि जागा उरत नाही. वेंगुर्ल्याच्या माणसाच्या नशिबी हे यावं! भाताच्या पातेल्यापुढे ते जरा रेंगाळतात, मग "बासमती आहे, उकडा नाही," असं स्वतःला सांगून पुढे सरकतात.

घास वीस-पंचवीस वेळा चावायचा. पोट भरल्याची खूण म्हणजे शिंक. हे ऑपरेशन झालेल्या बऱ्याच जणांचं असं काहीतरी असतं, कुणाचं नाक वाहतं, कुणाला उचकी लागते. भावोजींची पहिली शिंक म्हणजे इशारा, दुसरी म्हणजे जेवण संपलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी पहिल्याच शिंकेला पर्समधून मास्क काढला. जेवताना पाणी वर्ज्य आणि जेवल्यावर अर्धा तास वर्ज्य, म्हणून मोबाइलला गजर. रात्री जादूगार एका मुलीला पेटीत घालून कुलूप लावत होता, नेमका तेव्हा तो वाजला. भावोजींनी सगळ्या थिएटरदेखत गळ्यातली बाटली उघडून घोट घेतला. एकच, कारण गटागटा पिणंही बंद. सोडा बंद, गॅस होतो म्हणून. दारू बंद, कारण ती आता फार लवकर चढते. "शिवाय तिचे पैसे वेगळे पडतात," हे त्यांचं स्वतःचं वैद्यकीय कारण.

गोव्याच्या अलीकडे समुद्र हलला आणि ताईला बोट लागली. ती केबिनमध्ये आवळासुपारी चघळत पडून राहिली आणि तिच्या वाटचंही माझ्याकडे आलं. भावोजींना बोट लागत नाही. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून डेकच्या तिकिटावर, वळकटी पसरून वेंगुर्ल्याला गेलेला माणूस. तेव्हा भूक राक्षसाची आणि डब्यात मोजक्या दशम्या. आता समोर अन्न संपता संपत नाही आणि आत जागा नाही. हा अन्याय ते मला दर जेवणाला ऐकवत, आणि ऐकवता ऐकवता माझ्या ताटात वाढत. मी नको म्हटलं की दुखावत. "पैसे भरलेत रे," एवढंच म्हणत. कुणाचे, हे मी कधी विचारलं नाही.

खोटं कशाला सांगू, त्यांचा घास बघण्यासारखा असतो. मडगावला माशाची थाळी घेतली. त्यातला सुरमईचा अंगठ्याएवढा तुकडा त्यांनी तोडला, डोळे मिटले, आणि मासा किती ताजा, तुकडा पोटाकडचा की शेपटीकडचा, तिरफळ कालवणात हवं होतं ते इथे कसं आलं, यावर दहा मिनिटं बोलले. पूर्वी हेच गृहस्थ दोन थाळ्या साफ करायचे आणि कसं होतं विचारलं तर "झालं" म्हणायचे. मला तर वाटतं, माशाशी त्यांची ओळख ऑपरेशननंतर झाली. थाळीतलं किसमूर, तिसऱ्या आणि उरलेली सुरमई कुणी खाल्ली ते सांगायला नको.

गोडाला मात्र ते भितात. भाच्याच्या लग्नात दोन गुलाबजाम खाल्ले, साखर जठरात न थांबता थेट आतड्यात उतरली, दरदरून घाम, छातीत धडधड. सगळ्या घराच्या ग्रुप फोटोत मागे सतरंजीवर जे पाय दिसतात ते यांचे. तरी बेबिंका बघून राहवेना. पारंपरिक बेबिंकाला सात थर असतात. "एक थर माझा," असं जाहीर करून त्यांनी सुरीच्या टोकानं वरचा थर अलगद सोलला, आणि बाकीचे सहा माझ्यापुढे ठेवले.

शेवटच्या रात्रीपर्यंत आमच्या टेबलावरचा वेटर खचला होता. तीन दिवस या साहेबांची बशी अर्धी परत जात होती. "सर, खाने में कुछ प्रॉब्लेम है?" भावोजींनी उत्तरादाखल दुसरी शिंक दिली. वेटर आत गेला आणि शेफलाच घेऊन आला. शेफ चांगला भरदार, पांढऱ्या कोटाची खालची दोन बटणं लागत नव्हती. निघाला मालवणचा.

"साहेब, काय कमी पडलं?"

"पोट," भावोजी म्हणाले.

मग फोटो निघाला. फळांच्या परडीतून केळं उचललं गेलं. कागदी रुमालावर जठर उमटलं, कुठून कापतात ती रेघ आली, घ्रेलिनचा कारखाना बंद पडला. आता शेफ हसून आत जाईल म्हणून मी वाट बघत होतो. त्यानं एकदा इकडेतिकडे बघितलं, खुर्ची ओढली आणि आवाज खाली आणून विचारलं, "खर्च किती येतो?"

भावोजींनी बाह्या सारल्या. समोरची बिर्याणी, कॅरॅमल कस्टर्ड आणि शेफनं खास आणलेली कोळंबी, सगळं माझ्याकडे सरकवलं.

"हे तू संपव," ते म्हणाले, "मला वेळ लागेल."