चौदा ट्रान्झिस्टर

"चौदा ट्रान्झिस्टर लागतील," मी म्हणालो, आणि आण्णांनी अडकित्ता खाली ठेवला.

त्यांचंही बरोबर होतं. त्यांच्या लहानपणी वसमतच्या आमच्या गल्लीत मिळून एकच ट्रान्झिस्टर होता, चामडी पिशवीतला, गळ्यात अडकवायचा. त्याचा मालक शेताकडे निघाला की निम्मी गल्ली मागून चालायची. "एवढे कामून लागतेत रे? एकेका खोलीत एकेक ठेवायलास का?"

मी खिशातून बीसी 547 काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. हरभऱ्याची एक बाजू कापून सपाट करावी तसा, काळा, तीन पायांचा. आण्णांनी तो उलटसुलट पाहिला.

"आन् सेल कुठं घालतेत?"

मला बांधायचा होता डॅकचा शेवटचा टप्पा. डॅक म्हणजे आकड्यांचा आवाज करणारी चिप. सीडीवर गाणं सेकंदाला 44,100 वेळा मोजून ठेवलेलं असतं, आणि दर माप 65,536 पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवलेलं. एका जुन्या सीडी प्लेअरमधून मी आठ पायांची टीडीए 1543 उपटून आणली होती. ही बाई आकडे वाचते, पण व्होल्टेज देत नाही, करंट देते, तोही दोन-सव्वादोन मिलिअँपिअर. त्याचं व्होल्टेज करायला मध्ये कुणीतरी लागतं. नांदेडचा दुकानदार म्हणाला, "ऑपअँप न्या की. आत ट्रान्झिस्टर भरलेलेच असतेत." पण दुसऱ्याने भरलेले ट्रान्झिस्टर मला नको होते. बाजारात तयार पुरणपोळी मिळते म्हणून आईने कधी होळीला पुरण शिजवायचं सोडलंय का? मी पन्नास बीसी 547 मोजून घेतले.

आण्णांना हे मोंढ्याच्या भाषेत समजावावं लागलं. हळदीची पोती दारातच अडली की मागे ट्रॅक्टरची रांग लागते. चिपचंही तसंच. तिच्या पायाशी व्होल्टेज साचू लागलं की आवाज बिघडतो. म्हणून दारात असा गडी हवा, जो आलेलं पोतं त्याच क्षणी आत ओढील. ट्रान्झिस्टर कॉमन बेस पद्धतीने लावला तर एमिटर करंट घेतो, कलेक्टर तो पुढे देतो आणि बेस मध्ये बसून दोनशेत साधारण एक भाग ठेवून घेतो.

"दोनशे पोत्यांत एकच?" आण्णा सरसावून बसले. "हमाली, तोलाई धरून?"

"सगळं धरून."

त्या दिवसापासून त्यांच्या बोलण्यात ट्रान्झिस्टरबद्दल आदर आला.

तर आता जोड्या जुळवायच्या. डाव्या आणि उजव्या बाजूचा गेन, म्हणजे करंट किती पटींनी वाढतो तो आकडा, सारखा हवा, आणि एकाच पाकिटातल्या दोन भावांचं आपसात पटत नाही. बीसी 547 बी म्हणून जो विकतात त्याचा गेन कंपनीच्याच कागदावर 200 ते 450 कुठेही असू शकतो. मी मल्टिमीटरच्या भोकात एकेक घालून आकडा बघायचो आणि आण्णा मोंढ्यातल्या जुन्या पट्टीच्या पाठीवर लिहून घ्यायचे. पण बोटांत धरला की ट्रान्झिस्टर तापतो, तापला की आकडा चढतो. मे महिन्यात वसमतला तर धरायचीही गरज नाही. अखेर पहाटे चारला उठून चिमट्याने मोजणी सुरू केली. मी ब्राह्ममुहूर्तावर अनुष्ठानाला बसतो असं आई शेजारी सांगून आली.

निवडलेले चौदा जण थर्माकोलवर ओळीने टोचून ठेवले आणि दुपारी डोळा लागला. उठून बघतो तर भाचीने शाळा भरवलेली. "मामा, हे दोघं लई बोलायले होते, म्हणून लांब बसवले." मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

झिरो बोर्डवर डाग देताना एक जळाला. घरात पडलेला दुसऱ्या जातीचा, 2एन 3904, त्याच्या जागी बसवला. बीसी 547 ची सपाट बाजू आपल्याकडे धरली की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. या पाहुण्याचं नेमकं उलटं. हे मला ठाऊक होतं, आणि डाग देताना आठवलं नाही. ट्रान्झिस्टरची गंमत अशी की उलटा बसवला तरी तो सरळ नाही म्हणत नाही. काम करतो, पण बदली झालेल्या कारकुनासारखं. उजव्या स्पीकरमधले भीमसेन जोशी त्यामुळे दोन दिवस पडशाने बेजार होते.

ते बरे झाले, तर तबल्याचा डग्गा गायब! गाणं भिंतीपलीकडून आल्यासारखं वाटू लागलं. एका स्पीकरच्या वायरी उलट लागल्या होत्या. एक पडदा पुढे यायचा तेव्हा दुसरा मागे. आमच्या औंढ्याला नामदेवांना कीर्तनासाठी देवळामागे पाठवलं, तर नागनाथाचं देऊळच त्यांच्याकडे फिरलं असं सांगतात. नंदी तेवढा मागच्या बाजूला राहिला. माझी पुण्याई वायर फिरवण्यापुरतीच होती. डग्गा मात्र परत आला.

आता राहिली घरघर. विजेचे 50 हेलकावे पॉवर सप्लायमध्ये 100 होतात आणि तानपुऱ्याखाली बारीक रुंजी घालतात. मी ट्रान्सफॉर्मर लांब नेला, काटकोनात फिरवला, फ्रिज बंद केला, आईच्या शिव्या खाल्ल्या. तिकडे औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या 2600 कोटींच्या लायगोला सरकारने मंजुरी दिलीय. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि प्रोटॉनच्या दहा हजाराव्या हिश्शाएवढं थरथरणं पकडायचं. त्यासाठी शांत जमीन शोधत ते शास्त्रज्ञ आमच्या जिल्ह्यात पोचले. त्यांनी आमच्या गल्लीतली पिठाची गिरणी ऐकलेली नसावी.

शेवटी एका संध्याकाळी घरघर थांबली. मी सगळ्यांना बोलावलं. प्लेअर अजून सुरू केला नव्हता. आधी नुसती शांतता ऐकवायची होती. शांतता ऐकू आली, आणि तिच्या तळाशी एक बाई अगदी हळू आवाजात हळदीवरच्या करप्याबद्दल बोलत होती.

आण्णा ताडकन उठले. "परभणी! लागलं की रे परभणी!"

आकाशवाणी परभणी, 1305 किलोहर्ट्झ, मध्यम लहरी. मी इनपुटची उघडी वायर हातभर ठेवली होती. तीच झाली एरियल. आणि बेस-एमिटरचा सांधा म्हणजे शेवटी डायोडच. तो मुकाट्याने त्या लहरींतून आवाज गाळून देत होता. उपाय सोपा आहे: वायर आखूड करायची, बेसच्या पायाशी शंभर ओमचा रेझिस्टर आणि जमिनीकडे चिमूटभर कपॅसिटर. दोन्ही टेबलावर तयार होते. मी सोल्डरिंग गन तापायला लावली.

"हात लावू नको," आण्णा म्हणाले. "चौदा ट्रान्झिस्टर लावल्यावर परभणी लागणारच की. फवारणी किती दिवसांनी म्हणली ती? आवाज मोठा करायचं बटन कुठंय?"

बटन नव्हतंच. आवाजाच्या वाटेत कमीत कमी वस्तू असाव्यात म्हणून मी ते मुद्दाम ठेवलं नव्हतं. आण्णांनी माझ्याकडे बघितलं, खुर्ची उचलली आणि डावा कान स्पीकरला लावून बसले.