स्लो लोकलचा मुंढा

ठाकुर्लीला फास्ट लोकल थांबत नाही. इथल्या माणसांना ब्लाउज मात्र परवाच्या हळदीआधी हवा असतो. शेजारचं उल्हासनगर जीन्सचे ढीग शिवतं, पण एस, एम आणि एल नावाच्या कुणा तिघांसाठी. आपण त्यांच्यात कुठे?

घरी शिवायचं तर कापड आधी भिजवा, नाहीतर पहिल्या धुण्यात मेहनत आटते. मग मांजरपाटावर बेता, कच्चा धावदोरा घाला, अंगावर चढवा आणि हात वर करा. लोकलचं हँडल धरता आलं तर मुंढा जमला. काखेत ओढ लागली तर उसवा. ‘एवढा वेळ कुणाला आहे?’ असं विचारणारेच ‘उद्या या’ ऐकायला शिंप्याकडे खेपा घालतात. बाजूच्या शिवणीत इंचभर माया मात्र सोडा. दिवाळीचा फराळ कुणाला चुकलाय?