मृदंगाचं आधार कार्ड

बीडला रेल्वे आली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी. तोवर रेल्वे येणार, येणार म्हणत आमच्याकडच्या पिढ्या पिकल्या. पण आमच्या या प्रवासाला तिचा काडीचा उपयोग नव्हता, कारण नारळी सप्ताह रूळ बघून गाव निवडत नाही. इथल्या वारकरी गडांचे हे सप्ताह दर वर्षी नव्या गावात भरतात. शेवटच्या दिवशी पुढच्या गावाच्या हाती नारळ पडतो आणि ते गाव वर्षभर मांडव, पाणी नि पंगतीच्या हिशेबात बुडून जातं. यंदाचं गाव पाटोदा तालुक्यातलं, म्हणजे संत भगवानबाबांच्या सुपे सावरगावच्या मुलखातलं. आमच्या घरच्या भजनी मंडळाला हरिपाठाचं आवतण होतं, म्हणून आम्ही एसटी धरली.

एसटीत बसल्याबरोबर कुटुंबाची सरकारी प्रतवारी झाली. आजी पंचाहत्तरीच्या पुढची, ती फुकट. अण्णा पासष्टीच्या पुढचे, ते अर्धे. आई आणि आत्या बायका म्हणून अर्ध्या. तात्या अजून चौसष्टचे; आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना तरुण असल्याचं दुःख झालं. मी आणि पुण्याहून आलेला पुतण्या मुकाट्यानं पूर्ण. मग कंडक्टरची नजर तात्यांच्या मृदंगावर गेली.

"ह्याचं काय?"

"घरातलाच हाय. माझ्या आज्ज्याच्या हातचा. पंचाहत्तरी कवाच ओलांडली त्यानं."

"मंग दाखवा आधार कार्ड."

सगळी गाडी हसली. शेवटी मृदंगाला मांडीवर घेऊन बसायचं ठरलं. मांडीवरच्या लेकराला तिकीट नसतं, एवढा कायदा तात्यांना पाठ होता.

पुतण्या इंजिनिअरिंगला. मुंबईच्या कॉमिक कॉनला तो स्पायडरमॅन होऊन जाऊन आलेला. आजीनं वाटेत त्याची चौकशी लावली.

"काय असतंय रे तिथं?"

"आजी, आपल्याला जो आवडतो त्याच्यासारखा वेष करून माणसं येतात. दिवसभर त्याच्याच गोष्टी, त्याचीच गाणी."

"आन् जेवायला?"

"विकत."

आजीनं एवढ्यावरच निकाल दिला. "मंग कसला रे मेळा त्यो!"

गावात उतरलो आणि पुतण्याचे डोळे विस्फारले. जिकडं पाहावं तिकडं पांढरं धोतर, पांढरी टोपी, गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. तो पुटपुटला, "काका, ह्यांचा कॉस्प्ले आमच्यापेक्षा भारी आहे." दुकानांच्या रांगेत टाळ, गाथा, माळा, बांगड्या नि शिट्ट्या एकाच भावनेनं विकल्या जात होत्या. रात्रीचे कीर्तनकार गाडीतून उतरले, तेव्हा पाया पडणारे आणि मोबाइल उगारणारे यांच्यात अशी गल्लत झाली, की एकानं महाराजांना सोडून त्यांच्या ड्रायव्हरचंच दर्शन घेतलं.

मांडवाच्या कडेला दोन म्हातारे एका अभंगाच्या पाठभेदावरून हातघाईवर आलेले. एक म्हणे, मी आळंदीला चार वर्षं काढलीत. म्हणजे जोगमहाराजांनी 1917 साली काढलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत. दुसरा म्हणे, आळंदी आळंदीच्या जागी, आमच्या गडावर असंच म्हणतात. पुतण्या खूश. कुठली गोष्ट अस्सल आणि कुठली मागून जोडलेली, यावरून त्याच्याकडंही अशीच डोकी फुटतात म्हणे.

कार्यक्रमपत्रिका मात्र त्याला झेपेना. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथाभजन, सांजच्याला हरिपाठ, रात्री कीर्तन आणि पुढं जागर. वीणा तर सात दिवस खाली टेकवायचीच नाही. एकाच्या गळ्यातून थेट दुसऱ्याच्या गळ्यात. "मग झोपायचं कधी?" त्यानं विचारलं. "प्रवचनात," अण्णा म्हणाले.

हरिपाठाची वेळ जवळ आली आणि तात्यांना मृदंगाच्या डाव्या तोंडाला लावायला कणीक हवी झाली. ते थेट आचाऱ्याकडं गेले. पोत्यांनी कणीक मळणाऱ्या त्या माणसाला मूठभर मागणारं गिऱ्हाईक नवीनच होतं. त्यानं परात भरून दिली. इकडं पेटीपाशी आत्या पांढरी पाच मागत होती आणि अण्णा काळी चारवरून हटत नव्हते. हे भांडण घरातून निघताना सुरू झालं होतं आणि घाट चढूनही दमलं नव्हतं.

ते मिटवलं टाळकऱ्यांनी. दोन्ही बाजूंनी शेकडो टाळ एकदम उठले आणि पट्टी कोणती, पेटी कुणाची, गळा कुणाचा, सगळं त्यात विरघळलं. मला तर माझीच पेटी ऐकू येईना, आणि हरिपाठाचे अभंग सत्तावीस! ज्यानं जन्मात टाळ धरला नव्हता त्या पुतण्याच्या हातीही कुणीतरी टाळ दिले. पहिल्या अभंगात ते भलतीकडेच वाजले. शेजारच्या आजोबांनी न बोलता त्याचं मनगट धरलं आणि चार आवर्तनं स्वतःच्या हातासोबत फिरवून सोडून दिलं. निम्मा हरिपाठ होईतो पोरगं घामानं निथळत पावली खेळत होतं. कॉमिक कॉनला त्यानं आवडता बँड लोखंडी कठड्याच्या अलीकडून पाहिला होता. इथं कठडाच नव्हता. नुसता ऐकणारा असा माणूसच सप्ताहाला मंजूर नाही. आलात ना, मग वाजवा. चुकलात तर बाकीचे झाकून घेतात.

पंगतीत आमटीचा भुरका मारत पुतण्या म्हणाला, "आजी, पुढच्या वर्षी मी स्पायडरमॅनच्या वेषात आलो तर?"

"म्हंजी कोण त्यो?"

"कोळी. माणूस, पण कोळी."

"ये की मंग. वाल्या कोळ्याला चाललं रामाचं नाव, तुझ्या कोळ्याला का नाय चालायचं?" आजीनं त्याच्या पानात आणखी भाकरी कुस्करली. "पर तोंडावरचं फडकं तेवढं काढून ये. जेवशील कसा?"