समतोलराव

बाईनं लिहिलेलं विनोदी नाटक लागलं की समतोलराव तिकिटं काढतातच. विरोध असता तर घरी बसले असते. त्यांना फक्त समतोल हवा असतो. रंगमंचावरच्या नवऱ्यानं बायकोच्या माहेरावर मारलेला टोमणा त्यांना तपासावा लागत नाही. वाक्य पुरं व्हायच्या आत ते हसतात, शेजारी अनोळखी माणूस असला तरी त्याला टाळी देतात. लेखिकेच्या नाटकात मात्र प्रत्येक विनोदाची आधी आत चौकशी होते. मग ते वहिनींकडे बघतात. वहिनी हसत असल्या की हे चष्मा पुसायला घेतात.

सई परांजप्यांचं 'जास्वंदी' पाहिलं, तेव्हा त्यातल्या एकट्या पडलेल्या बाईपेक्षा बोकेच त्यांच्या लक्षात राहिले. बोक्यांची बाजू चांगली मांडलीय, म्हणाले.

परवा दादरला अशाच एका लेखिकेच्या नाटकातल्या नवऱ्याला स्वतःच्या घरात साखरेचा डबा सापडेना. सगळं शिवाजी मंदिर खदखदून हसलं. समतोलराव माझ्याकडे झुकून कुजबुजले, "अतिशयोक्ती आहे. आमच्याकडे प्रत्येक डब्यावर चिठ्ठी आहे."

"ती मी लावलीय," वहिनी म्हणाल्या. नजर नाटकावरच.

मध्यंतरात बटाटावडा हातात आला की त्यांच्यातला समीक्षक जागा होतो. "नाटक छान आहे हो. पण स्त्रीवादी नाही ना? बायकांचा राग मी समजू शकतो. पण रागावलेल्या माणसानं विनोद करू नये, गोंधळ होतो."

गोंधळ होतो हे खरंच. त्याच बाईंनी भाषण ठोकलं असतं, तर समतोलरावांनी मान डोलावली असती. स्त्रियांवर अन्याय होतो, हे दर आठ मार्चला त्यांना मान्यच असतं. अन्यायावर चर्चा करता येते. साखरेच्या डब्यावर काय बोलणार?

"एखाद्या बाईनं पुरुषांच्या बाजूनंही लिहायला हवं," ते म्हणाले.

"लिहिलंय की. गिरिजाबाई केळकरांचं 'पुरुषांचे बंड'."

माणूस उजळला. कुठं लागलंय, विचारू लागला. मग सांगावं लागलं, की 'कीचकवध'वाल्या खाडिलकरांनी १९०७ च्या सुमारास 'बायकांचे बंड' लिहिलं होतं आणि गिरिजाबाईंचं नाटक म्हणजे त्याला दिलेलं उत्तर. 'बायकांना नाटकातलं काय कळतं' म्हणणाऱ्यांचं पुढं काय झालं कोण जाणे. बाई १९२८ साली नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या, तो मान मिळवणाऱ्या पहिल्या महिला. आणि गंमत अशी, की त्या काळी नाटक मंडळ्यांत बायकांची कामं पुरुषच करायचे. म्हणजे बाईनं बाईच्या तोंडी घातलेला टोमणाही मिशा काढलेल्या एखाद्या बाप्यानंच मारायचा.

"मग समतोल होताच की!" समतोलराव म्हणाले.

"होता ना. धरा," म्हणत वहिनींनी पर्स त्यांच्या हातात दिली आणि त्या बायकांच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. ही रांग मध्यंतरात कधीच संपत नाही. नाट्यगृहं बांधणाऱ्यांना बहुधा वाटलं असावं, बायका नाटकात असतात, नाटकाला येत नाहीत. पुरुष मात्र जाऊन, येऊन, वर चहाही पिऊन झाले होते.

तिसरी घंटा झाली तरी वहिनी रांगेतच. पडदा उघडला. पहिल्याच वाक्याला सासूबाईंनी लेकाची अशी काही उतरवली, की बाल्कनीतून टाळी आली. समतोलरावांनी सवयीनं शेजारी पाहिलं. खुर्ची रिकामी होती. पर्स पोटाशी घट्ट धरून ते मनसोक्त हसून घेत राहिले.