आमटीत व्हिनेगर

आखन, जर्मनी
10 नोव्हेंबर 2025

ती. आजी, आई आणि बाबा यांस,


आजीच्या हुकमावरून हे पत्र कागदावर लिहितेय. व्हिडिओ कॉलवर मी मध्येच तोंड उघडं ठेवून थांबते, त्यामुळे मी सांगते त्यातलं खरं किती आणि नेटवर्क किती हे तिला कळत नाही, असं आई म्हणाली. कागदावर ती अडचण नाही. शिवाय खालच्या आळीतल्या काकूंचा मुलगा डिसेंबरात इकडे येतोय, त्याने बॅगेत आपल्यासाठी पाच किलोंची जागा ठेवलीय, आणि त्या पाच किलोंवरून घरात दोन तट पडलेत, हे दादाकडून समजलं. एका तटाकडे साजूक तूप, दुसऱ्याकडे काजू. निकाल लागायच्या आत माझं म्हणणं पोचावं म्हणून दादाला या पत्राचा फोटोही पाठवतेय. आजीच्या हातात मात्र कागदच द्या.

आधी आईला उत्तर: हो, जेवले.

काय जेवले ते जरा सविस्तर सांगावं लागेल. युनिव्हर्सिटीच्या कँटीनला इथे मेन्झा म्हणतात. तिथे एक दिवस मसुराची आमटी असते. ऐकून तुला बरं वाटलं ना? थांब. त्या आमटीत गाजर, बटाटा आणि सेलरीचा कंद असतो, वर सॉसेज ठेवू का म्हणून विचारतात (मी नको म्हणते), आणि मग रांगेत पुढे एक बाटली ठेवलेली असते. माझ्या पुढच्या मुलीने ती उचलली आणि आमटीवर सढळ हाताने ओतली. व्हिनेगर. मी आधी घाबरले, मग विचार केला की बरोबरच आहे. चिंच नाही, आमसूल नाही, आंबटपणा आणायचा कुठून? आता मीही ओतते. वाईट लागत नाही. फोडणी नाही, हे मात्र मी या राष्ट्राला माफ केलेलं नाही.

आमटीच्या दिवशी निदान जेवल्यासारखं वाटतं. दुसऱ्या दिवशी पाटीवर मिल्शराइस असतो. दुधात शिजवलेला जाड भात, वर साखर आणि दालचिनीची पूड, शेजारी चेरीचा गोड पाक. आजी, ही खीरच आहे. पण ही खीर जेवणानंतर नसते, जेवणाबरोबर नसते, हेच जेवण. सहा फुटी मेकॅनिकल इंजिनिअर होऊ घातलेली मुलं दुपारी साडेबाराला भरल्या वाडग्यातून शांतपणे खीर खातात आणि उठून थर्मोडायनॅमिक्सच्या लेक्चरला जातात. भाजी कुठेय, असं त्यांना कोणी विचारत नाही. एवढ्यावरही या भागातल्या लोकांचं समाधान होत नाही म्हणून ते हीच खीर पिठाच्या पारीत भरून भाजतात आणि राइसफ्लाडेन म्हणून बेकरीत विकतात. हा प्रकार सीमेपलीकडे बेल्जियममध्येही मिळतो आणि मूळ कोणाचा, यावर बोलायला दोन्हीकडचे लोक उत्सुक असतात.

रात्रीचं विचारू नकोस. माझी रूममेट बव्हेरियाची आहे. संध्याकाळी सहाला ती पावाचे दोन तुकडे, चीज आणि काकडीचं लोणचं घेऊन बसते, आणि सव्वासहाला तिचं जेवण उरकलेलं असतं. गॅस पेटत नाही. पाव मात्र इथे गमतीचा विषय नाही. बेकरीवाल्यांच्या नोंदवहीत तीन हजारांहून जास्त प्रकार आहेत म्हणतात. त्यातला पुंपरनिकेल हा काळा राईचा पाव कमीत कमी 16 तास भट्टीत ठेवायचा, असा दंडक आहे. तो विटेइतका जड लागतो. उद्या सेंट मार्टिनचा दिवस, म्हणून बेकरीच्या काचेत गोड पिठाची माणसं मांडलीत, प्रत्येकाच्या अंगात मातीचा एक चिमुकला पाइप खोचलेला. लहान मुलं कंदील घेऊन गाणी म्हणत हिंडतात आणि बक्षीस म्हणून ही विडी ओढणारी माणसं खातात. आजी, तुला हे पटणार नाही, पण छान दिसतं.

आता बाबांसाठी प्रवासाचा हिशेब. देशभरच्या बस, ट्राम आणि साध्या गाड्यांना चालणारं महिन्याचं तिकीट इथे आहे. मे 2023 मध्ये ते 49 युरोंना सुरू झालं, 2025 मध्ये 58 झालं, जानेवारी 2026 पासून 63. आम्हा विद्यार्थ्यांना ते 60 टक्क्यांत पडतं आणि सेमिस्टरच्या फीबरोबरच कापून घेतात, त्यामुळे फुकट मिळाल्यासारखं वाटतं. वेगाच्या गाड्यांना ते चालत नाही. म्हणून मी जर्मनी पॅसेंजरने बघतेय. प्रत्येक स्टेशनावर थांबत, डबा उघडून. एक्स्प्रेसवाल्यांना ऱ्हाईनकाठचे किल्ले सेकंदभर दिसतात, मला थालीपीठ संपेपर्यंत दिसतात.

आखन अगदी कोपऱ्यात आहे. नेदरलँड्स आणि बेल्जियम दोन्ही हाकेच्या अंतरावर. मास्ट्रिख्टला जाणारी 350 नंबरची बस पकडली की थोड्या वेळाने देश बदलतो आणि कंडक्टरसुद्धा ओरडत नाही, कारण कंडक्टर नाहीच. सायकलींची वाट लाल झाली की ओळखायचं, नेदरलँड्स आलं. तिथलं पहिलं गाव फाल्स. त्याच्या डोक्यावरच्या टेकडीवर तिन्ही देशांच्या सीमा मिळतात. टेकडीची उंची 322 मीटर आणि युरोपातल्या नेदरलँड्सचं हेच सर्वोच्च ठिकाण! 1646 मीटरच्या कळसूबाईवर जाऊन आल्यापासून दादा जो ऐटीत असतो, त्याला मी मुद्दाम शिखरावरचा फोटो पाठवला. डच लोक तिथे गाडीने जाऊन पॅनकेक खातात.

तिथे जाणाऱ्या रस्त्याचं नाव आहे 'चार सीमांचा रस्ता'. देश तीन आणि सीमा चार कशा? बाबा, ही गोष्ट खास तुमच्यासाठी राखून ठेवली होती. नेपोलियनचा पाडाव झाल्यावर नकाशे नव्याने आखले, तेव्हा केल्मिस गावची जस्ताची खाण प्रशियालाही हवी होती आणि नेदरलँड्सलाही. आपल्या सामाईक कलमांच्या बागेचा सातबारा जसा कोणाच्याच नावावर चढत नाही, तसंच झालं. 1816 मध्ये त्यांनी तो साडेतीन चौरस किलोमीटरचा तुकडा 'तटस्थ' ठरवून मध्येच सोडून दिला. न्यूट्रल मोरेस्नेट त्याचं नाव. तात्पुरती सोय म्हणून केलेली ही व्यवस्था शंभर वर्षं टिकली. खाणीतलं जस्त 1885 मध्ये संपलं, तरी तुकडा तसाच. मग 1908 मध्ये तिथल्या एका उत्साही डॉक्टरने आणि त्याच्या मित्रांनी ठरवलं की या मुलुखात एस्पेरांतो भाषेचं राज्य स्थापायचं, नाव अमिकेयो. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहात तो तुकडा बेल्जियमला देऊन टाकला आणि प्रकरण मिटलं. आपल्या बागेसाठी व्हर्सायपर्यंत जावं लागू नये, एवढीच प्रार्थना.

सीमा मोकळ्या आहेत असं ऐकून निघाले होते, पण 2024 च्या सप्टेंबरपासून जर्मनीने जमिनीवरच्या सगळ्या सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केलीय. परत येताना बसमध्ये दोन पोलीस चढले. एकाने माझं रेसिडेन्स कार्ड उलटसुलट बघितलं, मग मांडीवरच्या डब्याकडे बघितलं. त्याने काही विचारलं नव्हतं, तरी मी लसणीची चटणी दाखवली. त्याने वास घेतला, "गुटेन आपेटिट" म्हणाला आणि पुढच्या सीटकडे जरा घाईनेच गेला.

खरी सीमा ताटात लागते. सकाळी डच माणूस पावाला लोणी लावतो आणि त्यावर चॉकलेटची बारीक शेव भुरभुरतो. लहान मुलं नव्हेत, ऑफिसला जाणारी, टाय लावलेली माणसं. स्टेशनाबाहेर भिंतीत ओळीने काचेची छोटी दारं असतात, पैसे भरले की एक दार उघडतं आणि आत गरमागरम तळलेलं काहीतरी बसलेलं असतं. त्या काहीतरीत बहुतेक वेळा बीफ असतं, म्हणून मी चीजवाल्या दारापलीकडे हात घालत नाही.

बेल्जियमात तर आणखी सांभाळावं लागतं. बटाट्याच्या फ्राइजचं खरं घर आपलंच, असं बेल्जियन लोक ठासून सांगतात. एकदा कमी आचेवर तळायचे, निववायचे, मग दुसऱ्यांदा कडक तेलात सोडायचे. बाहेरून कुरकुरीत, आत लोण्यासारखे. लिएजमध्ये टपरीसमोर मी रांगेत उभी होते, नाकात वास, हातात सुटे पैसे, आणि माझा नंबर आल्यावर विचारलं की हे तळता कशात? टपरीवाल्याच्या चेहऱ्यावर अभिमान पसरला. बैलाच्या चरबीत, म्हणाला, आजोबांपासून. आजी, मी रांगेतून बाहेर पडले, हे देवासमोर लिहितेय. नंतर पाटीवर वनस्पती तेल लिहिलेली टपरी शोधून काढली. तिथे फ्राइजवर घालायला 'समुराई' नावाचा सॉस मिळतो. दुकानदार दोनदा बजावतो, फार तिखट आहे हं. आपल्या चिपळुणात तो बाळाला उष्टावणात चालला असता.

पण खरं सांगायचं ते द हेगचं. तिथे वर्गातल्या मैत्रिणीकडे गेले होते आणि ती म्हणाली, चल, रोटी खायला. मला वाटलं एखादं पंजाबी हॉटेल. निघालं सुरिनामचं. 1873 मध्ये 'लाला रूख' नावाचं जहाज कलकत्त्याहून सुरिनामला मजूर घेऊन गेलं. सुरिनाम म्हणजे दक्षिण अमेरिकेतली तेव्हाची डच वसाहत, मजूर बहुतेक भोजपुरी मुलुखातले, आणि काम उसाच्या मळ्यांत. 1916 पर्यंत अशी 34 हजारांच्या आसपास माणसं गेली. मग 1975 मध्ये सुरिनाम स्वतंत्र झाला, त्या सुमाराला त्यांची हजारो नातवंडं-पतवंडं नेदरलँड्सला आली, येताना रोटी घेऊन. ताटात काय होतं ते लिहिते: आत पिवळ्या वाटाण्याची पूड भरलेली मऊ रोटी, बटाट्याचा रस्सा, उकडलेलं अंडं, आणि चवळीच्या शेंगांची भाजी. आई, चवळीच्या शेंगा! बोटभर तुकडे करून, लसणीवर परतलेल्या.

काउंटरच्या मावशी साठीच्या असतील. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, कुठली? त्या त्यांच्या सरनामीत, मी माझ्या चिपळुणी हिंदीत. त्यांच्या भाषेतलं मला अर्धं कळलं, माझ्या हिंदीतलं त्यांना बहुधा तेवढंही नसेल. डच गिऱ्हाइकांना त्या मिरचीची चटणी हवी का म्हणून विचारत होत्या. मला विचारलं नाही, थेट वाढली. मादाम जनेत नावाची पिवळी मिरची असते, दिसायला सोज्वळ. समुराईवरून मी जे वर बोलले ते या चटणीला लागू नाही. मैत्रिणीने काटा-चमचा मागितला, तर मावशींनी तिला हात धुवायचा नळ दाखवला.

आता पाच किलोंकडे येते. तूप पाठवू नका. युरोपियन युनियनच्या बाहेरून प्रवाशाला दूध-दुभतं आणि मांस आणायला बंदी आहे. कस्टमवाले बरणी काढून घेतात आणि आजीचं तूप परक्या देशाच्या कचऱ्यात जातं. इथे लोणी उत्तम मिळतं, मी घरीच कढवते. पहिल्यांदा कढवलं तेव्हा रूममेट स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती, आणि चांगलं लोणी मी अर्धा तास का जाळतेय हे तिला विचारवत नव्हतं. तूप गाळून झाल्यावर बेरीत साखर घातली, ती तिच्या काळ्या पावावर पसरली आणि म्हटलं, खा. तिने खाल्लं. दुसरा तुकडा तिने स्वतः कापला. आता दर पंधरवड्याला "ते तपकिरी कधी करणार?" म्हणून विचारते. तूप कशाला लागतं याची तिला काही पडलेली नाही.

आजी, तुझ्यासाठी चांगली बातमी. मासळी 20 किलोंपर्यंत आणता येते, सुकीसुद्धा. म्हणजे वाटीभर तूप गुन्हा आणि गोणीभर सुकट कायदेशीर! सोडे, सुकट, सुके खारे बांगडे, जे निवडशील ते. ताजी फळं आणायला सरकारी दाखला लागतो, त्यातून पाच सुटतात: केळी, खजूर, अननस, डुरियन आणि नारळ. नारळ, आजी! हापूस सुटत नाही. फळमाशी सापडली म्हणून 2014 च्या मे महिन्यापासून त्यांनी आपला हापूस अख्खा बाहेर ठेवला होता, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला परत घेतला. तेव्हापासून माझा त्यांच्यावर राग आहे, तरी शिकायला इथेच आले.

तर यादी अशी: आमसुलं भरपूर, सोडे, सुकट, मेतकूट, आईचा मालवणी मसाला, आणि उरलेल्या जागेत सोललेला एक नारळ. काजू दादाने खावेत. काकूंच्या मुलाला सांगा, सुकट तीन पिशव्यांत बांध आणि बॅगेच्या तळाशी ठेव. कस्टमला ती चालते, विमानात शेजारी बसलेल्याला चालेल याची हमी युरोपियन युनियनने दिलेली नाही.

तुमची,
धाकटी

ता. क. दादा, पाण्याच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटलीमागे इथलं मशीन 25 सेंट परत देतं. गेल्या महिन्यातल्या मिरच्या आणि कोथिंबीर मी त्यातूनच भागवली. बाबांना सांगू नकोस, नाहीतर ते पुढच्या महिन्याचे पैसे कमी पाठवतील.