डब्यातले वैद्य

मराठी माणसाच्या पोटात दुखायला एकच कारण असतं: गॅस. चिपळूण सुटलं आणि माझ्या मेव्हण्याने पोट धरलं, तेव्हा आमच्या डब्यात यावर तत्काळ एकमत झालं. तोवर खिडकी उघडी ठेवावी की बंद, एवढ्यावरही या मंडळींचं जमत नव्हतं.

भराभर पिशव्यांच्या चेनी उघडल्या. ओवा आला, हिंगाची डबी आली. एका काकांनी तर एरंडेलाची बाटली काढली. प्रवासाला एरंडेल घेऊन निघणाऱ्या माणसाच्या दूरदृष्टीला माझा नमस्कार. समोरच्या आजींनी विचारलं, "सकाळी काय खाल्लंस?"

"बटाटेवडे."

"मग!" आजी म्हणाल्या. खटला निकालात निघाला.

साइड लोअरवर एक निवृत्त नर्सबाई स्वेटर विणत होत्या. सुया खाली न ठेवताच त्यांनी विचारलं, "सुरुवात कुठून झाली रे?"

"बेंबीपाशी."

"आणि आता?"

त्याने उजव्या बाजूला, खाली बोट ठेवलं.

"वडा खाणार?"

मेव्हण्याने तोंड फिरवलं. हे आमच्या घराण्यात प्रथमच घडत होतं. नर्सबाईंनी त्याला खोकायला लावलं. तो खोकला आणि कळवळला. गाडीने हिसका दिला की त्याचा हात तिथेच जायचा. आता मात्र सुया खाली आल्या. "याला काही द्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही. शेकायचं नाही, आणि ते एरंडेल आधी आत ठेवा!" काका खट्टू झाले. जुलाबाच्या औषधाने सुजलेलं अपेंडिक्स फुटू शकतं, हे त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं.

पुढे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा. तिथे रेंज कुठली? त्याआधीच रेल्वेचा मदत क्रमांक 139 लावला, टीसीला गाठलं. रत्नागिरीला डॉक्टर फलाटावर हजर होते, बाहेर 108ची गाडी. रात्रीच ऑपरेशन झालं.

याच दुखण्यापायी 1902 साली इंग्लंडच्या सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक जूनमधून ऑगस्टमध्ये गेला होता. हे कळल्यापासून मेव्हणा भेटायला येणाऱ्यांशी राजासारखाच बोलतो.

तर वाचकहो, कळ बेंबीपासून उजवीकडे उतरली, सोबत ताप-उलटी आली किंवा पोट कडक लागलं, तर घर येईपर्यंत कळ काढू नका. 139 लावा. ओवा परत घरी न्या. तो नासत नाही.